आमच्या नायिकेची कबर

आमच्यात कुणी मरत नाही, प्रभूमध्ये निजतं. गेल्या वर्षी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत माझी धाकटी बहीण अशीच निजली. ती आजारी होती तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीने तिच्यासाठी साखळी प्रार्थना केल्या, उपास केले. महिला मंडळाच्या प्रमुखबाईंना तर दृष्टांतच झाला. माझी बहीण बरी होऊन पांढऱ्या साडीत चर्चच्या पायऱ्या चढते आहे, असा. बाईंच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी तो दृष्टांत थेट माझ्या भाचीला सांगितला, आणि वर म्हणाल्या की आता फक्त विश्वास ठेव. पोर तेव्हा चौदा वर्षांची. तिने ठेवला.

बहीण पायऱ्या चढली, पण चौघांच्या खांद्यावरून. साडी मात्र पांढरीच होती, तेवढा दृष्टांत खरा धरायला हरकत नाही.

मग सांत्वन भक्ती सुरू झाल्या. आठवडाभर रोज संध्याकाळी कुणी ना कुणी यायचं, गाणी म्हणायचं, चहा प्यायचं आणि जाताना देवाची इच्छा असं म्हणून चपला शोधायचं. प्रमुखबाई एकदा पोळ्या लाटायला आल्या होत्या. लाटता लाटता त्या शेजारणीला म्हणाल्या की घरच्यांच्या प्रार्थनेत कुठेतरी विश्वास कमी पडला असावा. भाची तिथेच माठातून पाणी काढत होती. हे मला फार उशिरा कळलं, तेही भाचीकडूनच. मी त्या वेळी स्वयंपाकघरात असते तर लाटणं बाईंच्या हातात राहिलं नसतं.

भाचीचे वडील सिन्नरला कारखान्यात पाळ्या करतात, म्हणून ती तेव्हापासून माझ्याकडेच राहते. रविवारी आम्ही दोघी चर्चला जातो, कारण न गेलं तर सोमवारपर्यंत चार जणं चौकशीला येतात. तिथे प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणतात. ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तीत एक ओळ आहे, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे अशा अर्थाची. तिच्यानंतर लगेच रोजच्या भाकरीची ओळ येते. माझी भाची सगळी प्रार्थना म्हणायची, आणि इच्छेच्या ओळीला तोंड मिटायची. ओठ असे घट्ट, की तिला कडू औषध कुणी पाजत असावं. भाकरीला पुन्हा सुरू व्हायची, ते जरा मोठ्यानेच. मी शेजारी उभी असायचे म्हणून मला कळायचं. आईच्या कबरीवर ती पुरल्याच्या दिवसानंतर गेली नव्हती. मी एकदा चल म्हटलं तर म्हणाली, तिथे जाऊन काय बोलू.  मी शाळेत मराठी शिकवते, वर्गात मला कधी उत्तर सुचलं नाही असं होत नाही, आणि घरात ही एवढीशी पोर मला गप्प करत होती. मला रडू यायचं, पण तिच्यासमोर रडायची सोय नव्हती.

अशात चर्चचा कारभार बघणाऱ्या आमच्या वडीलमंडळाला साक्षात्कार झाला की तरुण पिढी हातची चालली. कारण अर्थात मोबाइल. त्यावर उपाय म्हणून पुस्तक काढायचं ठरलं. किशोरांसाठी ऐतिहासिक कादंबरी, विषय दुःख आणि विश्वास, पार्श्वभूमी आपल्या नाशिकच्या जुन्या मिशनची. ज्या मुलांना मराठीतलं व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा धड वाचता येत नाही, त्यांना कादंबरी द्यायची. नाताळची नाटकं मीच लिहिते, मेंढपाळांना मीच बोलतं करते, म्हणून मंडळीत मला लेखिका म्हणतात. काम माझ्या गळ्यात पडलं. पुस्तकासाठी एक समितीही नेमली. तिचे अध्यक्ष म्हणजे आमच्यातले एक निवृत्त बँक मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण सही केल्याशिवाय त्यांना पाऊससुद्धा पडू द्यायचा नसतो.

मी हो म्हटलं. समितीसाठी नाही, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, मी तोंडाने जे सांगू शकत नाही ते कदाचित पुस्तकातली एखादी मुलगी माझ्या भाचीला सांगेल.

नायिका मी हरसूलकडची घेतली. दुष्काळात डोंगर उतरून आलेली, कडेवर धाकटा भाऊ. ती मिशनच्या बोर्डिंगात पोहोचते आणि भाऊ तिसऱ्या दिवशी जातो. पुढे तिला धीर मिळतो, विश्वास मिळतो वगैरे. पहिली चार प्रकरणं मी भाचीला वाचून दाखवली. ती मांडी घालून मटार सोलत बसली होती. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, हिला इतक्या लवकर बरं कसं वाटलं? मी म्हटलं, लवकर कुठे, महिना गेला की मध्ये. ती म्हणाली, मावशी, तू ओळ सोडून खाली नुसतं 'महिन्यानंतर' लिहिलंस. तो महिना कुठाय?

मास्तरणीला मास्तरीण भेटली म्हणायची. मी ते पान फाडलं.

त्यानंतर आमचा दोघींचा तो धंदाच झाला. मी लिहायची आणि ती सोलायची, मटार असो नाहीतर मी. नायिका छान छान बोलली की ती नाक उडवायची. नायिकेला स्वप्नात देवदूत दिसला तेव्हा तिने शांतपणे विचारलं की त्याने साडी कुठल्या रंगाची सांगितली. मी देवदूत काढून टाकला. हळूहळू कादंबरीतली मुलगी हट्टी होत गेली. दळायला बसायची, भांडी घासायची, पण कुणाच्या मायेला भुलायची नाही. आणि एके दिवशी भाचीने स्वतःहून सांगितलं की संध्याकाळच्या प्रार्थनेत ही मुलगी त्या एका ओळीला गप्प बसू दे. कुठल्या, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मी नुसतं म्हटलं, मग शेवट काय करायचा? लोक शेवटी विचारणारच, ती म्हणाली का नाही म्हणाली.

भाची म्हणाली, "नाही म्हणत. तरी तिला रोज जेवायला वाढतात. झालं की."

 आमच्या चर्चच्या पाळकांनी इतके रविवार देवाच्या मायेबद्दल जे सांगायचा प्रयत्न केला, ते हिने मटाराच्या सालांत बसून एका दमात सांगितलं. मी तिला शब्द दिला की शेवट हाच राहील. तिने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. आई गेल्यापासून त्या दिवशी ती प्रथमच दोन्ही वेळा जेवायला बसली.

आता समिती. समितीच्या बैठकीत आधी प्रार्थना, मग चहा, मग माझा छळ. पहिली सूचना आली की बोर्डिंगात मुली नागलीची, म्हणजे नाचणीची भाकर खातात हे बरं दिसत नाही, वाचणाऱ्याला वाटेल मिशनने उपाशी ठेवलं. मी म्हटलं, दुष्काळात काय केक द्यायचे होते? दुसरी सूचना, नायिका देवावर रागावते ते समजू शकतो, पण पानभर पुरे. अख्खं प्रकरण रागावली तर पोरं बिघडतील. मग अध्यक्षांनी घसा खाकरला आणि त्यांचे पणजोबा बोर्डिंगच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यांना एखादा प्रवेश मिळाला तर इतिहासाला धरून होईल असं सुचवलं. हे ऐकताच समितीतल्या प्रमुखबाईंना त्यांची पणजी आठवली. ती गावोगाव शुभवर्तमान सांगत फिरायची म्हणे. भटाला दिली ओसरी. पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येकाचा कुणी ना कुणी पूर्वज दाराशी उभा होता. मी कंपाउंडरला एकदा औषधाची बाटली आणून द्यायला लावली आणि पणजीला एक डोलीत बसवून घालवून दिलं. दोन्ही घराणी इतकी खूश झाली की शेवटाकडे कुणी लक्षच दिलं नाही. मला वाटलं, सुटले.

छापायच्या आधी प्रकरणं दर रविवारी उपासनेनंतर मोठ्याने वाचायची टूम निघाली. चर्चच्या अंगणात ऊन लागायचं, पण लोक थांबायचे. सुरुवातीला अध्यक्ष दोन शब्द बोलायचे. त्यात ते म्हणून बसले की हे लेखन आपल्या वाडवडिलांच्या खऱ्या आठवणींवर आधारलेलं आहे. मी जागेवरून म्हटलं, कल्पित आहे. कुणी ऐकलं नाही, किंवा ऐकून विनय समजले.

तिसऱ्या रविवारी एका आजोबांनी मला हात धरून सांगितलं की ही मुलगी त्यांच्या आजीच्या पलंगाशेजारी झोपायची, आजी नेहमी सांगायची. पाचव्या रविवारी नायिकेच्या दोन पणत्या निघाल्या, आणि दोघींत ती नक्की कुणाची यावरून अबोला सुरू झाला. मी दोघींना समजावायला गेले की बायांनो, ही मी आमच्या स्वयंपाकघरात बसून बनवली आहे, हिचं लग्नच मी लावलेलं नाही, तुम्ही पणत्या कुठून झालात? तर त्यातली एक म्हणाली की लेखकाला सगळंच कुठे माहीत असतं. अध्यक्षांचं म्हणणं त्याहून भारी होतं. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला वाटतं तुम्ही बनवलंत. देवाने तुमच्याकडून सत्य लिहून घेतलं." आता यावर काय बोलणार? पुढे देवाचं नाव केलं की मागे वाद घालायला जागाच उरत नाही.

आणि त्यातच मी एक घाण करून ठेवली होती. शेवटच्या पानाआधी मी लिहिलं होतं की नायिका म्हातारी होऊन गेली आणि तिला कबरस्तानात भिंतीजवळच्या कडुनिंबाखाली पुरलं, तिच्या कबरीवर नाव नाही. शेवटचं पान मग मागे, तिच्या एका संध्याकाळच्या प्रार्थनेकडे वळतं. हा कडुनिंब खरा आहे. माझ्या बहिणीची कबर त्याच्यापासून हाकेवर. मी तिथे बसायला जाते तेव्हा समोर दिसतो, म्हणून लिहिला. आणि त्याच्याखाली खरोखरच एक बिननावाची कबर आहे, अर्धी मातीत बसलेली, कुणाची कुणास ठाऊक. झालं. एका शनिवारी अध्यक्षांचा फोन आला.  म्हणाले, बाई, सापडली.

ईस्टरच्या पहाटे आमच्याकडे कबरस्तानात भक्ती असते. त्याच्या आधीच्या आठवड्यात लोक आपापल्या माणसांच्या कबरी झाडतात, चुना देतात आणि पहाटे फुलं, मेणबत्त्या घेऊन जातात. यंदा अर्धी मंडळी कडुनिंबाखाली राबत होती. त्या कबरीला चुन्याचे दोन हात दिले, कडेने विटा लावल्या आणि वर संगमरवराची पाटी बसवली. पाटीवर माझ्या नायिकेचं नाव, आणि खाली 'आपल्या मंडळीची माता'. पुस्तकाचं प्रकाशनही तिथेच करायचं ठरलं. मी पाळकसाहेबांना गाठून सांगितलं की हे चुकतंय. पाळकसाहेब नवे, तरुण, भिडस्त. ते म्हणाले की लोकांच्या भावना आहेत. मी म्हटलं, भावना आहेत म्हणून कुणाच्याही कबरीवर कुणाचंही नाव? त्यांनी मान हलवली. हो की नाही ते मानेलाच माहीत.

भाचीला मी सगळं सांगितलं. वाटलं चिडेल, पण ती हसली, बऱ्याच दिवसांनी. मग एकदम विचारलं, शेवट तोच आहे ना? मी म्हटलं, तोच. त्यावर ती म्हणाली की मग मी येते, मला तो सगळ्यांसमोर वाचलेला ऐकायचाय. मी तिच्याकडे न बघता पोळीला तूप लावत राहिले. कबरस्तानात येते म्हणाली होती. मला आणखी काही नको होतं.

पहाटे आम्ही रिक्षाने गेलो. तिने स्वतःचा पांढरा ड्रेस घातला होता, वडीलही पाळी बदलून सिन्नरहून आले होते. बहिणीच्या कबरीवर मी आदल्या दिवशी चुना दिला होता, पण फुलं काही मिळाली नाहीत. बाजारात माळीणबाईने सांगितलं की तुमच्याच चर्चच्या माणसांनी सगळा झेंडू आणि शेवंती उचलून नेली. आमच्या हातात गुलाबाच्या सुट्या पाकळ्यांचा एक पुडा होता. कडुनिंबाखाली मात्र फुलांचा ढीग. पाटी दिसत नव्हती इतके हार. लाउडस्पीकर, खुर्च्या, पुढच्या रांगेत दोन्ही पणत्या, मध्ये एक खुर्ची रिकामी.

गाणी झाली, पुस्तकांचा गठ्ठा सोडला, अध्यक्षांनी पहिली प्रत हातात घेतली आणि शेवटचं पान वाचायला सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं माझी होती. तिसऱ्यापासून माझी नव्हती. नायिका गुडघ्यांवर पडली. तिने हात वर केले. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि इतकी वर्षं न म्हटलेली ती ओळ तिने मोठ्याने म्हटली, त्रिवार. चर्चची घंटा आपोआप वाजली. एक पांढरं कबूतरसुद्धा आलं. लोक डोळे पुसायला लागले. प्रमुखबाई हुंदके देत होत्या.

भाची माझ्याकडे वळली. मला तो चेहरा आयुष्यभर पुरेल. ती हळूच म्हणाली, "तू शब्द दिला होतास."

मी म्हटलं की हे मी लिहिलेलं नाही, देवाशपथ. आणि मी उठले. मला त्या वेळी काय झालं सांगता येत नाही, अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मी पुढे जाऊन अध्यक्षांना माइकसमोरच विचारलं की हा शेवट कुणाचा? ते गोंधळले नाहीत. म्हणाले, छापखान्यात द्यायच्या आधी समितीने किंचित सुधारणा केली, मूळ शेवट अर्धवट वाटत होता, मुलांना आशा द्यायला हवी. लाउडस्पीकरवर हे सगळ्या कबरस्तानाला ऐकू गेलं. कुणी माना डोलावल्या. मी आणखी बोलणार होते, फार बोलणार होते, पण माझ्या शेजारून भाची पुढे गेली.

ती कबरीशी वाकली आणि हार उचलायला लागली. एक, मग दुसरा, मग ओंजळभर. आधी लोकांना वाटलं काही विधी आहे. हातात मावेनात तेव्हा तिने ओढणी पसरली आणि तीत भरले. अध्यक्ष म्हणाले, अगं बाळ, हे काय करतेस, ती आपली माता आहे.

भाची उभी राहिली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "ही मावशीने बनवलेली आहे. तुम्ही हिला पाहिजे तशी बोलायला लावता. माझी आई खरी होती."

मग पाटीकडे बघून तिने आणखी विचारलं की इथे खाली जी कोण आहे तीही खरीच असेल ना, मग तिच्या अंगावर दुसरीचं नाव कशाला.  दोन्ही पणत्यांनी आपापली पर्स मांडीवर ओढून घेतली. तिने ओढणीतला एक हार काढून त्या कबरीवर परत ठेवला, पाटीवर नाही, पायथ्याशी. आणि बाकीचं ओझं घेऊन आईकडे चालू लागली. तिचे वडील मागोमाग गेले. मीही गेले. माझं प्रकाशन माझ्या पाठीमागे राहिलं.

बहिणीच्या कबरीवर तिने झेंडू ओतला, अक्षरशः ओतला, भाजीवाली गोणी रिकामी करते तसा. मग बाजूला मातीत बसली आणि रडली. वर्षभराचं रडली. नाकातोंडातून, आवाज करून. वडिलांनी तिला जवळ घेतलं आणि तेही रडायला लागले, आणि मग मला कुणी अडवणारं नव्हतं. आमच्या नायिकेइतकं सुबक काही आमच्यापैकी कुणाला जमलं नाही. कबूतर आलं नाही. शेजारच्या भिंतीवर एक मांजर बसलं होतं, तेही निघून गेलं.

तिकडे पाळकसाहेबांना काही सुचेना तेव्हा त्यांनी जे अशा वेळी सगळेच पाळक करतात ते केलं. चला, प्रभूची प्रार्थना म्हणू या. लाउडस्पीकरवरून आवाज आला, सगळी मंडळी उभी राहिली. सवयच ती. भाची डोळे पुसत उठली आणि म्हणायला लागली. मीही. ती ओळ जवळ आली तशी मी तिच्याकडे वळले. वर्षभर मी तिच्या ओठांकडे बघत आले होते, आज उघडतील का, आज उघडतील का. यासाठीच तर मी पुस्तक लिहायला घेतलं होतं.

ओळ आली. तिने तोंड मिटलं. आणि मी इतकी वर्षं खाली मान घालून म्हणत आलेली ती ओळ माझ्याही तोंडातून निघेना. मी पण मिटलं. तिने वळून माझ्याकडे बघितलं. पलीकडे तिच्या वडिलांचा आवाज तेवढा पुढे चालला होता, आमच्याकडे बघून तोही थांबला. आम्ही तिघं आमच्या माणसाच्या कबरीशी गप्प उभे राहिलो, आणि बाकीच्यांनी ती ओळ आमच्याशिवाय म्हणून पुरी केली.

मग भाकरीची ओळ आली. ती आम्ही तिघांनीही म्हटली, चांगली मोठ्याने.